चुन्याचा टिळा

“अजून वलं हाय.”

धोंडीराम कातारी दिवसातून दहा वेळा तरी हे म्हणायचा. लाकडाचा ठोकळा कानाशी धरून, बोटाच्या पेराने त्यावर टकटक करून म्हणायचा ते ठीक. ते त्याचं कामच होतं. पण त्याला ती सवयच जडली होती. कुणी नात्यातल्या मुलीसाठी स्थळ सांगायला आलं, मुलगा शिकलेला आहे, नोकरी लागेल म्हणतात, असं बोलू लागलं, की हा सगळं ऐकून घ्यायचा आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवत म्हणायचा, अजून वलं हाय. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस हात जोडून ओट्यावरून उतरला, की त्याच्या पाठमोऱ्या टोपीकडे बघून तेच. एकदा भाकरी मधोमध जरा कच्ची राहिली, तेव्हा त्याची बायको वच्छलाबाई त्याच्या आधीच म्हणाली, “खा गुमान. वली हाय ते मला म्हाईत हाय.” ओट्यावर बसलेली माणसं पोट धरून हसली होती.

हसत असले, तरी लोक त्याचा शब्द मोडत नसत. आमचं गाव धारूरच्या घाटाच्या पायथ्याला. जमीन मुरमाड, पाऊस कंजूष. अशा गावात माणसाला नाव मिळायचं ते जमिनीवरून किंवा जनावरांवरून. धोंडीरामाकडे दोन्ही नव्हतं. त्याच्याकडे एक शब्द होता. धोंडीरामाने लाकूड वाळलं म्हटलं, की ते वाळलेलं. सुतार चौकटीचं लाकूड घेण्याआधी त्याच्याकडे वाजवून घ्यायला आणत. घाटावरची माणसं जू घडवायच्या आधी खाली उतरून त्याला विचारून जात.

त्याचा खराद ओट्यावरच होता. जमिनीत पुरलेले दोन खुंट, त्यांना आतून लोखंडी टोकं, टोकांच्या मध्ये लाकूड. लाकडाला दोरीचे दोन वेढे. दोरी ओढायला समोर वच्छलाबाई बसायची. एकदा डावा हात, एकदा उजवा हात, आणि मध्ये लाकूड गरगरायचं. धोंडीराम पायाच्या अंगठ्याने हत्यार दाबून धरायचा आणि हातांनी त्याला वाट दाखवायचा. लाटणी, ताकाच्या रव्या, बाजेचे पाय, पाळण्याचे दांडे असं काय काय त्यातून निघायचं. लग्न झाल्यापासून त्या बाईने ओढलेली दोरी लांब करून टाकली असती, तर धारूरच्या किल्ल्याला वेढा पडला असता.

लाकूड मात्र तो कधी विकत घेत नसे. वाऱ्याने पडलेलं, ओढ्याने उपटलेलं, कुणाच्या बांधावर अडचण झाली म्हणून तोडलेलं, ते त्याचं. कुठे झाड पडल्याचं कळलं, की हातातलं ताट ठेवून निघायचा. उशीर झाला की लाकूड फाटतं, असं त्याचं म्हणणं. झाड पडलं तरी त्याच्या पोटातलं पाणी जागच्या जागी असतं, आणि ते दोन्ही टोकांनी बाहेर पडायला बघतं. घाईने पडलं की जाताना लाकूड चिरून जातं. म्हणून ही दोन दारं आधी बंद करायची. तो शेणात राख कालवून ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना जाड लेप द्यायचा. मग ओंडका गाभ्यावरून उभा चिरायचा, कारण ओढाताण सगळी गाभ्याची असते. चिरलेले तुकडे सावलीत, दगडावर, मध्ये काड्या घालून रचायचे. ऊन लागू द्यायचं नाही, जमीन लागू द्यायची नाही, चुलीची आच तर मुळीच नाही.

आणि त्याचे दगड. ही रीत त्याच्या बापाची. दुसऱ्या कुणाकडे मी ती पाहिली नाही. तुकडा चिरला त्याच दिवशी तो मोठ्या ताजव्यात घालायचा, आणि दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच भाराचे दगड. ते दगड त्या तुकड्याच्या पायथ्याशी ढीग करून ठेवायचे. पुढे वर्षातल्या दोन्ही पाडव्यांना, दिवाळीच्या आणि गुढीच्या, पुन्हा वजन व्हायचं. लाकूड जेवढं हलकं झालं, तेवढे दगड ढिगातून काढून कुंपणाबाहेर फेकायचे. लागोपाठ तीन पाडवे एकही दगड फेकावा लागला नाही, की लाकूड वाळलं. मग तंबाखूच्या डबीतला चुना अंगठ्याला लावून तो त्या तुकड्याच्या तोंडावर टिळा ओढायचा. टिळा असलेलं लाकूड म्हणजे धोंडीरामाने बोललेलं लाकूड. मेंढरामागे फिरणारी कडूबाई त्या ढिगांना कुठलंसं दैवत समजून वर्षभर हात जोडून जात होती. कुणीतरी खरं सांगितल्यावर ती वच्छलाबाईवरच रागावली. इतके दिवस सांगितलं का नाही, म्हणाली, मी नवस बोलून बसले हाय.

बहात्तर सालचा दुष्काळ आला. त्या सालाचं आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. बारवा कोरड्या पडल्या, जनावरं गेली, आणि सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागलं. धोंडीराम आणि वच्छलाबाईही गेले. त्या रस्त्यात उभी असलेली झाडं तोडली जात होती. सरळ सोट ठेकेदार नेई; वाकडंतिकडं, बुंध्याचं, गाठीचं तिथेच पडून राही. दिवसभर खडी फोडून लोक घरी जाताना मोकळ्या हाताने जात, आणि धोंडीरामाच्या खांद्यावर ओंडका असे. सरपणाला नेतो असं लोकांना वाटायचं.

पण त्या वर्षी लाकूड टिकेना. वारा भट्टीसारखा. लेप दिलेली तोंडं आठ दिवसांत तडकायची. शेणही नव्हतं. जे काही मिळे ते चुलीला पुरेना, आणि हा लेपासाठी मागायचा. घर सारवायला शेण नाही आणि तुमच्या ठोकळ्यांना आंघोळ, असं वच्छलाबाई म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही.

मग त्याला पेव सुचलं. आमच्याकडे घरोघरी ज्वारीसाठी जमिनीत खोल पेव असतं. तोंड अरुंद, पोट मोठं, आत ना उन्हाळा ना हिवाळा. त्या वर्षी ज्वारीच नव्हती, तेव्हा पेवं उघडी पडलेली. आत हवा आहे का ते कळावं म्हणून त्याने कंदील सोडून पाहिला, कंदील विझला नाही, मग स्वतः उतरला, तळाला भुसा अंथरला आणि सगळी लाकडं आत नेऊन रचली. तोंडावर शिळेऐवजी काट्यांची झापी ठेवली, म्हणजे हवा हळूहळू येत-जात राहील. वच्छलाबाई पेवाच्या तोंडाशी बसून रडली. धान्याच्या जागी लाकडं उतरताना बघणं तिला अपशकुनी वाटलं. पण पाडव्याला लाकडं वर काढली, तेव्हा एकाही तुकड्याला चीर नव्हती. त्या कामावरून आणलेल्या लाकडांत शिसवाचा एक बुंधा होता, काळसर जांभळा, माणसाच्या मांडीएवढा जाड. त्याचे चार तुकडे त्याने पेवात सगळ्यांत मागे, भुशात, गोणपाटात गुंडाळून ठेवले. यातून आयुष्यातलं एक काम करायचं, असं तो म्हणत असे.

तो शिसवाचा बुंधा दोघांनी उचलून आणला होता. दुसरा खांदा म्हाळूचा होता.

म्हाळू हा वच्छलाबाईचा धाकटा भाऊ. आष्टीकडचा. तिकडे प्यायला पाणी राहिलं नाही म्हणून बायकोला घेऊन बहिणीकडे आला, रस्त्याच्या कामावर लागला आणि पाऊस पडल्यावरही राहिला. अंगाने सडपातळ, बोलायला मऊ, सारखं हसू. धोंडीरामाने त्याला खरादावर बसवलं ते दया म्हणून. हत्यार कसं धरायचं, लाख कशी चढवायची, हे सगळं शिकवलं. लाकूड वाळेपर्यंत धीर धरणं मात्र त्याला कधी जमलं नाही. आज आणलेला ठोकळा उद्या खरादावर चढवायला बघायचा. धोंडीराम म्हणायचा, अजून वलं हाय, आणि तो हसून खाली ठेवायचा.

पण त्याचा हात काही वेगळाच होता. धोंडीराम पाळण्याचा दांडा करायचा तो भक्कम, सरळ, मापात. म्हाळूने केलेल्या दांड्याला मान असायची. वरच्या गोळ्याखाली तो लाकूड असं काही बारीक करत न्यायचा, की बघणाऱ्याला वाटावं, आता तुटेल, आणि तिथूनच ते पुन्हा भरत यायचं, एखाद्या भरल्या घागरीच्या गळ्यासारखं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. धोंडीरामाला ते येत नव्हतं, तर तो शिकवणार कुठून?

सुरुवातीला धोंडीरामाने ते मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला लावलं ते वच्छलाबाईने, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. ती दोघांचीही दोरी ओढायची, एकदा नवऱ्याची, एकदा भावाची. एका दुपारी ती शेजारणीला सहज सांगत होती, आणि धोंडीराम आत पाणी पीत होता. ती म्हणाली, “ह्यांच्या हाताखाली दोरी जड जाती बाई. म्हाळ्याचा हात असला की दोरी आपसूक येती.”

तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला. तिने काही वाईट म्हटलं नव्हतं. लाकूड आणि हत्यार एकमेकांशी भांडत नसले, की दोरी हलकी जाते; कोणत्याही कातारणीला हे कळतं. पण वीस वर्षं जी बाई त्याच्या समोर बसून दोरी ओढत होती, तिच्या हातांना दुसऱ्याचा हात बरा वाटला होता. त्या दिवसापासून म्हाळू कातायला बसला, की तो बायकोला दोरीवर बसू देईना. तुझी बायको बसव, म्हणाला. कारण सांगितलं नाही.

मग बाजारातही तेच. दोघांची लाटणी एकाच गोणपाटावर पसरलेली असायची. बायका यायच्या, एक उचलायच्या, फिरवून बघायच्या, ठेवायच्या, आणि शेवटी पिशवीत जायचं ते म्हाळूचं. धोंडीरामाने एकदा मुद्दाम सगळी लाटणी एकमेकांत कालवली. कडूबाई आली. तिची नजर अधू झालेली. तिने नुसता हात फिरवला आणि ढिगातून चार उचलली. चारही म्हाळूची होती. लाकूड चारही धोंडीरामाने वाळवलेलं होतं. पण ते हाताला लागत नाही. लाकूड फाटलं नाही याचं कौतुक कोण करणार? जे घडलं नाही ते दिसत नाही. धोंडीरामाच्या मनात हे तेव्हा रुतून बसलं.

पुढे सहकाराचे दिवस आले. कुठे दूध, कुठे सूत, कुठे ऊस, जो तो सभासद होऊ लागला. केजला कारागिरांची एक सोसायटी निघाली. तिचे अध्यक्ष आमच्याच गावचे सुंदरराव; मोठी शेती, मोठा आवाज. सोसायटीने विजेचा खराद आणला. सुंदररावांनी आधी धोंडीरामाला विचारलं, आणि तो आपल्या सवयीने बोलून गेला, सोसायटी अजून वली हाय. सुंदरराव हसले आणि म्हाळूला घेऊन गेले. वर्षभरात म्हाळू तिथला मुख्य मिस्त्री झाला. विजेच्या खरादाला दोरी नव्हती, ओढायला बाई नव्हती. म्हाळूची ती मान आता तालुक्यात ओळखली जाऊ लागली.

सणाला म्हाळू यायचा तो आक्कासाठी काही ना काही घेऊन. पूर्वीसारखाच ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायचा, दाजी दाजी करायचा. त्याने वर बसावं, ऐट करावी, उद्धट बोलावं, असं धोंडीरामाला वाटायचं. मग राग धरणं सोपं झालं असतं. म्हाळू तेवढीही सोय ठेवत नव्हता.

एका दिवाळीला सुंदररावांनी मळ्यात पाइपलाइन टाकायला म्हणून विहिरीकाठचा शिसव तोडला. पाण्याअभावी त्याचे वरचे शेंडे आधीच सुकलेले होते, पण बुंध्यात भरपूर जीव होता. बुंधा धोंडीरामाने मागून घेतला, लेप दिला, चिरला, पेवात उतरवला, सगळ्या तुकड्यांच्या दगडांचा एकच ढीग पेवाच्या तोंडाशी रचला. पुढच्या दिवाळीच्या पाडव्याला त्या ढिगातले दोन मोठे दगड कुंपणाबाहेर गेले. म्हणजे पाणी अजून वाहतं होतं.

त्याच पौषात म्हाळू आला. केजच्या पलीकडच्या एका गावात नवं राममंदिर झालं होतं. रामनवमीला जन्माचा पाळणा हलवायचा, तो सोसायटीने करायचा होता. पाळण्याचे चार खांब शिसवाचेच पाहिजेत, असा त्या गावचा हट्ट. सोसायटीच्या वखारीत बाभूळ आणि लिंब सोडून काही नव्हतं.

म्हाळू पायरीवर बसून म्हणाला, “दाजी, आपुन दोघांनी कामावरनं आणलेला शिसव हाय का वं अजून?”

त्या शिसवाला टिळा लागून सहा वर्षं झाली होती. तो पेवात मागे तसाच होता. दर पाडव्याला धोंडीराम गोणपाट सोडायचा, हात फिरवायचा आणि पुन्हा बांधायचा. त्याला हात घालण्यासारखं काम अजून सुचलं नाही, असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे त्या लाकडातून आपण काही केलं आणि लोकांनी ते म्हाळूच्या कामाशेजारी ठेवून पाहिलं, तर, याची त्याला भीती होती.

“त्याला भुंगा लागला,” धोंडीराम म्हणाला. “गेलं ते.”

म्हाळू हळहळला. त्याला खरंच वाईट वाटलं, हेही धोंडीरामाला दिसलं. मग त्याने विचारलं, दुसरा काही शिसव? तेवढ्यात वच्छलाबाईने भावाला जेवायला आत बोलावलं. म्हाळू आत गेला. धोंडीराम पेवात उतरला. सुंदररावांच्या शिसवाचे चार तुकडे त्याने काढले, तोंडावरचा शेणाचा लेप खरवडला. वरून लाकूड सुकं दिसत होतं. त्याने एक तुकडा कानाशी धरला आणि वाजवला नाही. तंबाखूची डबी उघडली, अंगठ्याला चुना लावला आणि चारही तुकड्यांवर टिळे ओढले.

वच्छलाबाई त्याला जेवायला बोलवायला आली, तेव्हा तो पेवातून वर येत होता. तिने त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं.

“तंबाखू मळत व्हतो,” तो म्हणाला.

तुकडे म्हाळूपुढे ठेवत त्याने सांगितलं, की झाड उभ्यानेच वाळलेलं होतं, म्हणून वर्षात तयार झालं. “वाळलंय. घेऊन जा.” म्हाळूने टिळे पाहिले, ठोकळे वाजवून बघितले नाहीत, आणि एसटीच्या टपावर घालून घेऊन गेला. ज्या माणसाने भाकरीपासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना वलं म्हटलं, त्याने आयुष्यात एकदाच वल्याला वाळलं म्हटलं. चैत्राच्या उन्हात खांब तडकतील, भर रामजन्माला, शेकडो माणसांपुढे, आणि मग म्हाळूच्या त्या मानेकडे लोक कसे बघतात ते बघू. एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. त्याला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

फाल्गुनात म्हाळूचा निरोप आला, पाळणा झाला आहे, दाजींनी बघायला यावं. धोंडीराम केजला गेला. सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाळणा उभा होता. चार माणसं भोवती फिरून तो बघत होती.

म्हाळूने त्या खांबांना चार ठिकाणी मान काढली होती. जांभळ्या लाकडात काळ्या रेषा होत्या, त्या मानेपाशी एकत्र येऊन पुन्हा फाकत होत्या, जणू लाकडाला आधीपासूनच तिथे वळायचं होतं. धोंडीराम जवळ गेला. हे त्याचं लाकूड होतं. त्याने चिरलं, त्याने निजवलं. आणि त्यात हे होतं, हे त्याला दिसलं नव्हतं. त्याचे हात शिवशिवले. असं काही एकदा, एकदाच आपल्या हातून निघालं असतं, असं त्याला वाटलं.

मग त्याला खांबांच्या बैठकीपाशी पांढरी खूण दिसली. प्रत्येक खांबाला एक. लाखेची, उभी, अंगठ्याएवढी.

म्हाळू लोकांना सांगत होता, की हे लाकूड आमच्या दाजींनी वाळवलेलं आहे, मी नुसता आकार दिला. म्हणून खालती त्यांचा टिळा ठेवला, ज्याचं त्याचं नाव असावं. लोक वळून धोंडीरामाकडे बघू लागले. कुणी नमस्कार केला. एवढी वर्षं त्याला जे हवं होतं ते असं म्हाळूच्या हातून त्याच्यापुढे आलं. हात मोठा होताच. आता मनानेही म्हाळू पुढे निघून गेला होता.

माणसं पांगल्यावर म्हाळू हळू आवाजात म्हणाला, “दाजी, एक इचारू? कातताना ढलप्या लांब निघत व्हत्या. वल्या लाकडावानी. माझा हात दोनदा थांबला.” तो हसला. “मग टिळ्याकडं बघितलं. म्हणलं, दाजीपेक्षा आपल्याला जास्त कळतं व्हय?”

 धोंडीराम खाली वाकून एका खांबाची बैठक बघत होता. पांढऱ्या टिळ्याच्या बाजूने केसासारखी एक रेघ वर चालली होती. दुसऱ्या कुणाला ती आणखी आठ दिवस दिसली नसती.

गुढीपाडव्याला वच्छलाबाईने नेहमीप्रमाणे गुढी उभारली आणि ताजवा काढून ओट्याच्या आढ्याला टांगला. धोंडीराम एकेक तुकडा वर काढू लागला, वजन होऊ लागलं, दगड कमी होऊ लागले. शेवटी एक ढीग उरला. त्याच्यासमोर घालायला लाकूड नव्हतं. दगड होते तेवढेच होते, दिवाळीला दोन काढून उरलेले.

वच्छलाबाईने त्यातला एक उचलला आणि हातात धरून विचारलं, “आवं, ह्यांचं काय करू? ह्यांचं लाकूड तर वाळून गेलं म्हणं.”

ती रागाने बोलली नव्हती. ती त्याच्या अंगठ्याकडेही बघत नव्हती. एवढे दिवस ती गप्प राहिली होती, आणि कशासाठी, ते त्याला आता कळलं. पाडव्याला तो स्वतः त्या ढिगापाशी येणारच होता.

तो ओट्यावर बसून राहिला. रामनवमीला आठ दिवस होते. दुपार कलल्यावर तो पेवात उतरला आणि गोणपाटात गुंडाळलेले चार तुकडे घेऊन वर आला. वच्छलाबाईने तो जुना, धड शिसव पाहिला. भुंगा लागल्याचं तिनेही ऐकलं होतं. त्याने त्या बुंध्याचाच वीतभर उरलेला एक तुकडा खरादावर चढवला आणि तिच्याकडे बघितलं. ती समोर येऊन बसली, दोरी घेतली.

तो ती मान काढायचा प्रयत्न करत होता. हळूहळू बारीक करत नेलं. लाकूड कोरडं खणखणीत, भुसा पिठासारखा झडत होता. पण जिथून वळायचं तिथे त्याचा हात घाबरला, थांबला, आणि भक्कमपणे सरळ निघून गेला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लाकूड मोडलं. दोरी सैल पडली. वच्छलाबाई दोरीकडे बघत राहिली.

“जड जाती का गं?” त्याने विचारलं.

तिने मान वर केली. हे त्याने ऐकलं होतं, आणि इतकी वर्षं मनात ठेवलं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं असावं.  ती म्हणाली, “म्या इतकी वरसं वढली. कदी सोडली का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शेजारची सायकल मागून आणली. चारही तुकडे मागच्या कॅरिअरला सुतळीने बांधले, मध्ये काड्या घालून, जसे पेवात रचायचा तसे. त्यांच्या तोंडावरचे जुने टिळे पिवळट पडले होते. त्याने ते पुसले नाहीत आणि नवे लावले नाहीत. वच्छलाबाईने फडक्यात भाकरी बांधून हँडलला अडकवली.

“म्हाळ्याला काय सांगसाल?” तिने विचारलं.

“ते वलं व्हतं म्हणून सांगीन.”

“आन् हे?”

त्याने मागच्या तुकड्यांवरून हात फिरवला. त्या लाकडातून म्हाळू काय काढील, ते त्याला आताच दिसत होतं. पहिल्यापेक्षाही चांगलं काढील, आणि खाली पुन्हा धोंडीरामाचाच टिळा ठेवील, सगळं कळल्यावरही ठेवील. ते त्याला सोसत नव्हतं. पहाटेपासून त्याने दोनदा सुतळी सोडली होती आणि दोनदा पुन्हा बांधली होती.

“हे वाळलंय,” तो म्हणाला. “लई दिस झाले.”

तो सायकलवर बसला नाही. हँडल धरून चालत निघाला, केजच्या रस्त्याने, त्याच रस्त्याने, जो त्यांनी दुष्काळात खडी फोडून केला होता आणि ज्याच्या कडेला हा शिसव सापडला होता. वाटेत कडूबाई मेंढरं घेऊन आडवी आली. तिने कळप बाजूला घेतला, अधू डोळ्यांवर हात धरून कोण जातंय ते बघितलं, आणि सायकलीवरच्या लाकडांना सवयीने हात जोडले.

वच्छलाबाई पेवाच्या तोंडाशी उभी होती. तिच्या हातात तो दगड अजून होता. सायकल मेंढरांच्या धुळीत शिरली, पलीकडे निघाली, वळणावरच्या बाभळीपाशी क्षणभर थांबली. ती मागे वळते की पुढे जाते, हे बघत वच्छलाबाई उभी राहिली. मग सायकल पुढे गेली, आणि वळणाआड दिसेनाशी झाल्यावरही वच्छलाबाई बराच वेळ तिकडेच बघत होती.